मधूची दुसरी मुदत

तुमसर रोडहून पॅसेंजर सुटली तेव्हा मांडीवर लोणच्याची बरणी होती. पण मी काही लोणचं पोचवायला निघाले नव्हते. धाकट्या भावाला, मधूला, घरी आणायला निघाले होते.

पाच वर्षांपूर्वी पहिले राष्ट्रपती पुन्हा निवडून आले, त्याच सुमारास मधू भिलाईचा कारखाना उभारायला गेला. आई रडायला लागली तेव्हा म्हणाला, "राष्ट्रपतीची मुदत पाच वर्षं, तेवढीच माही." मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून आईनं माझ्याकडून खात्री करून घेतली. परवा रेडिओवर नव्या राष्ट्रपतींच्या शपथविधीची बातमी ऐकली आणि तिनं लगेच मधूची गादी उन्हात टाकली.

डोंगरगडची टेकडी मागे पडली, दुर्ग गेलं, आणि आभाळात तांबूस धूर दिसू लागला. पावर हाउस स्टेशनावर मधू उभा होता. काळवंडलेला, खांदे भरलेले. ओळखच पटेना मेल्याची. रिक्षावाल्याशी छत्तीसगढीत बोलत होता आणि माझ्याशी बोलताना मध्येच हिंदीत घसरत होता.

क्वार्टरवर त्यानं बासी (रात्रभर पाण्यात भिजवलेला भात) वाढली, सोबत कांदा. मे महिन्याच्या त्या उन्हात पोटाला थंड वाटलं, खोटं कशाला बोलू. लोणच्याचं पहिलं बोट चाटताना त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हा येतोच.

"चाल आता," मी म्हटलं. "नवे राष्ट्रपती बसले. तुही मुदत संपली."

तो मला सडकेवर घेऊन गेला. दूरवर भट्टी धगधगत होती.

"ते उभी झाली तवा मी होतो, ताई. आता बाजूले आणखी एक उभी करून राहिलो. अर्धी टाकून कसा येऊ?"

"अन् आईले काय सांगू?"

माझ्याकडे न बघताच तो हसला. "पयल्या राष्ट्रपतीची मुदत संपली तवा ते गेले का? पुन्हा बसलेच नं. तूच शिकवते. मले बी एक दे."

माझीच विद्या माझ्यावर उलटवली गधड्यानं. राग आला, पण त्याहून जास्त त्याला धरून ठेवावंसं वाटलं. बरणी त्याच्याकडेच राहिली. परतीच्या गाडीत मांडी उगाच मोकळी वाटत होती, आणि धूर दिसेनासा होईपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

आई दारातच बसली होती. माझ्यामागून कोणी येतंय का, ते तिनं दोनदा पाहिलं.

"त्याची मुदत वाढली, आई. आणखी पाच वर्षं."

ती उठली आणि गादीची वळकटी बांधायला लागली. गाठ मारता मारता म्हणाली, "त्याची वाढली. माही कोण वाढवन?"