पदराची गाठ

मुखेडात पिठाच्या गिरण्या काही कमी नाहीत. तरी ज्वारी दळावी तर महादेवीकडेच, असं म्हणणाऱ्या बाया आजही डोक्यावर डबा घेऊन दोन गल्ल्या जास्त चालतात. बाई मात्र तोंडाची फटकळ. कुणी दमट ज्वारी आणली की चारचौघींत विचारणार, "ही दळायला आणली का पेरायला?" धर्माबादेला दिलेली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आलेली. ती आली त्या दिवशी तिच्या आईनं, केवळाबाईनं, गळ्यात पडून रडणं वगैरे काही केलं नाही. "रडायचं तर दोन रोज रडून घे, मंग गिरणीचा पट्टा चढवायला शीक," एवढंच म्हणाली. महादेवी रडलीही नाही. दुसऱ्याच दिवशी पट्टा चढवायला शिकली, आणि मायलेकींचं पुढचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यावर निघालं.

घर लिंगायताचं. गळ्यात चांदीची डबी, डबीत जांभळाएवढं काळं इष्टलिंग. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, आणि हे झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. केवळाबाईचा तर देव म्हणजे तोच तळहात. देवळाच्या पायऱ्या तिनं फारशा झिजवल्या नाहीत. "देव गळ्यात असताना पायपीट कशाला?" हे तिचं म्हणणं. गावातले रेवणय्या स्वामी प्रवचनात नेहमी सांगायचे, आपल्यात पिंड नाही, श्राद्ध नाही. माणूस मेला म्हणू नये, लिंगैक्य झाला म्हणावं. म्हणजे लिंगात मिळून गेलेल्या माणसाला भूत होऊन हिंडायची सोयच नाही. महादेवीनं हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि तिचा त्यावर पुरता विश्वास होता.

केवळाबाईच्या डबीची कडी तुटली, तिथून सगळं सुरू झालं. बाजारात लालमहंमद चांदीला डाग देऊन तुटकं जोडायला बसायचा, त्याच्याकडे महादेवी संध्याकाळी डबी टाकून आली. लिंग म्हातारीनं पांढऱ्या फडक्यात बांधून जवळ ठेवलं. सकाळी गिरणी भरात असताना ती आंघोळीला निघाली. खांद्यावर टॉवेल, गिरणीच्या दारात उभी राहून लेकीला काहीतरी सांगू लागली. घरघरीत एक अक्षर ऐकू आलं नाही. समोर डब्यांची रांग, हातात पिठाचा ब्रश. महादेवीनं मान हलवली आणि म्हणाली, "हाव, हाव."

तेच शेवटचं. म्हातारी मागच्या न्हाणीत गेली ती तिथंच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

आयाबायांनी पेटीतलं नवं लुगडं काढून नेसवलं, भिंतीला टेकवून बसतं केलं, कपाळभर विभूती लावली. आता लिंग डाव्या तळहातात ठेवायचं आणि तसंच समाधीत बसवायचं, ही रीत. रेवणय्या स्वामी म्हणाले, "लिंग आणा." उशाखाली पाहिलं, कोनाड्यात पाहिलं, कुठेच फडकं नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. लिंगाविना गेली की काय म्हातारी? असला बोल एकदा गल्लीत फिरला की जन्मभर फिरतो. महादेवी आतल्या खोलीत गेली, स्वतःच्या गळ्यातली डबी उघडली आणि आपलं लिंग आणून स्वामींच्या हातात दिलं. स्वामींची नजर म्हातारपणानं अधू, आणि लिंगं सगळी सारखीच दिसतात. आईची मूठ मिटवली गेली आणि सांजच्याला तिच्यावर माती पडली.

आईच्या हातात परकं लिंग, लेकीच्या गळ्यात रिकामी डबी. महादेवी कुणाला बोलली नाही. सकाळी आंघोळ करून बसायची, रिकाम्या तळहाताकडे बघायची आणि उठून गिरणी सुरू करायची. पूजेविना प्यालेला चहा घशाखाली उतरायचा, पण चोरी केल्यासारखा.

आणि मग तांब्या वाजू लागला.

आईच्या आंघोळीची वेळ झाली की न्हाणीत दगडावर तांब्या ठेवल्याचा आवाज यायचा. ठण्ण. पाठोपाठ केवळाबाईचं ते अर्धं खोकणं. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही असल्या घरघरीत तो आवाज मात्र लख्ख यायचा. महादेवी बटण बंद करून मागे पळायची. दगड कोरडा, तांब्या कोनाड्यात पालथा. परत आली की बाया विचारायच्या, "काय झालं ओ?" ती म्हणायची, "पट्टा सरकला." जिवंतपणी आई दारात उभी राहून बोलत होती ते ऐकलं नाहीस, आता ऐक, असंच कुणी बजावतंय असं तिला वाटे. सांगावं तर कुणाला? आपल्यात भूत नसतं. शेजारणीचं एखादं माणूस असं आलं असतं तर दहीभात ठेवून, नारळ उतरवून मोकळी झाली असती ती. हिच्या धर्मात ह्या दुखण्याला औषधच नव्हतं, कारण दुखणंच नव्हतं.

एका दुपारी लालमहंमद डबी घेऊन आला. एवढे दिवस त्याचे पाय वळले नव्हते. "मावशी म्हणली होती, जल्दी कर रे लाला, डबी बिगर गळा सुना लागतो," त्यानं सांगितलं. "कडी अशी बसवली बाई, की आता निघायची न्हाई." आणि पुढं काय बोलावं ते न सुचून तो डोळे पुसत निघून गेला.

डबी आईच्या कपड्यांत ठेवावी म्हणून महादेवीनं पेटी उघडली. वरच एक धुवट हिरवं लुगडं कोंबलेलं होतं. आंघोळीनंतर नेसायला म्हातारीनं ते न्हाणीबाहेरच्या दोरीवर टाकलेलं, आणि त्या गडबडीत कुणीतरी उचलून पेटीत घातलेलं. घडी करायला तिनं पदर झटकला, तर गाठ हाताला लागली. गाठीत पांढरं फडकं. फडक्यात लिंग.

"पदराला बांधून ठेवलंय गं." दारात उभी राहून माय हेच सांगत होती. आणि आपण म्हणालो, हाव, हाव. महादेवी पेटीला धरून तशीच बसून राहिली. दळण न्यायला आलेल्या बाया दार वाजवून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन समाधीवर गेली. निदान मातीत तरी लिंग आईजवळ पुरावं म्हणून. काळी माती वाळून दगड झालेली, खुरपं उडून हातालाच लागलं. तशीच मातीच्या हातांनी ती रेवणय्या स्वामींच्या दारात गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली. तांब्याचंही सांगितलं.

भूत नसतं, असं स्वामी म्हणाले नाहीत.

"तिच्या मुठीत तुझं लिंग हाय म्हणतीस?"

"हाव, अप्पा. परकं घेऊन गेली माय."

"परकं?" म्हातारा हसला. "अगं, आपल्यात लेकरू पोटात असतानाच त्याचं लिंग बांधतात. आठवा महिना लागला की. लेकराला गळा कुठं असतो तवा? मायच्याच गळ्यात बांधायचं. तुझं मीच बांधलं केवळाबाईला, ह्या हातांनी. तू जन्मायच्या आधी ते तिनंच अंगावर वागवलं. तिच्या हातात तिनं जपलेलंच गेलंय, बाळ."

स्वामींनी फडक्यातलं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. "हे आता तुझं. उद्या आंघोळ करून ये, मी मंत्र देऊन गळ्यात घालतो."

ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या नंतरही नाही. स्वामींचा निरोप आला की म्हणायची, दळण लई हाय. खरं कारण वेगळंच होतं आणि त्याची तिची तिलाच लाज वाटत होती. हे लिंग गळ्यात पडलं की आईचं अडलेलं काम सुटणार. काम सुटलं की आई कशाला येईल? भिऊन राहावं लागलं तरी चालेल, पण तो तांब्या वाजावा, असं तिला झालं होतं. आवाज आला की अंगावर काटा यायचा आणि त्याच काट्यानं बरंही वाटायचं.

मग थंडी पडली. एका सकाळी तांब्या वाजला, खोकणं ऐकू आलं, आणि ह्या वेळी खोकणं थांबेना. महादेवी न्हाणीच्या दारात येऊन उभी राहिली. आत कुणी नव्हतं. दोरीवरही काही नव्हतं. रिकामी दोरी बघितली आणि तिच्या ध्यानात आलं. मायचं कोरडं लुगडं आपण पेटीत कुलूप लावून ठेवलंय, आणि ती ओल्या अंगानं आत उभी आहे. एवढे दिवस. आपल्याला करमत नाही म्हणून.

"माय, आणते गं, आणते," ती म्हणाली. पेटी उघडून हिरवं लुगडं तिनं दोरीवर टाकलं, पदर नीट सोडला. मग त्याच न्हाणीत गार पाण्यानं आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच स्वामींकडे गेली. लालमहंमदानं जोडलेल्या डबीत आईचं लिंग बसलं आणि डबी महादेवीच्या गळ्यात आली. कितीतरी दिवसांनी तिनं डाव्या तळहातावर बेल वाहिला. "तुझं तिच्यापाशी, तिचं तुझ्यापाशी," स्वामी म्हणाले. "आता जाऊ दे तिला."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गिरणीपुढे डबेच डबे. आईच्या आंघोळीची वेळ झाली, तसा महादेवीचा हात पिठात थांबला. वेळ गेली. तिनं बटण बंद केलं. पट्टा फडफडत थांबला आणि सगळीकडे शांत झालं. बाया तिच्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं ओ महादेवीबाई? पट्टा सरकला का?"

"न्हाई," ती म्हणाली. "काईच ऐकू येईना."

आणि गळ्यातली डबी दोन्ही मुठींत धरून ती ज्वारीच्या पोत्यावर बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.