पापलेटावर नसलेल्या माशा

काळाचौकीच्या बाजारात पुतळाबाई आणि मी शेजारी शेजारी बसतो. ती पापलेट-सुरमई घेऊन, मी बोंबील. रोज भांडतो, पण तिच्यावाचून मला करमत नाही. गिरण्यांचा संप झाला, नवरा घरी बसला, तेव्हा तिने भाऊच्या धक्क्यावरून टोपली उचलली. वीस वर्षं झाली, अजून सोडली नाही. लेकाला, जगदीशला, तिनेच शिकवून बँकेत चिकटवलं.

मागे पुतळाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वर्षभर बरं चाललं, मग पुन्हा सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाले, बसवलेल्या भिंगामागे साय धरलीय, लेझरने मोकळी करू. जगदीशने बजावलं, "आई, लेझरनंतरही नीट दिसलं नाही तर टोपली बंद. एक दिवस बोटं कापून घेशील." त्याच्यासमोर मान डोलावली, माझ्याजवळ रडली. "अंबिके, घरात बसले तर मी मरेन गं."

लेझर झाला आणि बाई बाजारात हजर. चेहरा फुललेला. "पलीकडच्या भिंतीवरची पाल दिसते गं मला!" असं म्हणाली आणि फडकं हलवायला लागली. हूश, हूश! पापलेटावर फडकं, सुरमईवर फडकं. बर्फ टाकला, पाणी मारलं. गिऱ्हाईक आलं की नाक मुरडून पुढे. मासळीवालीच माशा हाकतेय म्हटल्यावर कोण थांबणार?

मग माझ्यावर घसरली. "तुझ्या बोंबलांवरच्या माशा येतात माझ्याकडे!"

माझं डोकंच फिरलं. "माझे बोंबील? घे, वास घे!" तिचं तोंड बंद करायला तिच्या टोपलीवर वाकले. देवाशपथ सांगते, एक माशी नव्हती. आणि ही हाकतेच आहे.

"पुतळे, वर बघ. आभाळातही माशा दिसतात?"

तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "नजर फिरवली की त्याही फिरतात. जगदीशला सांगू नको गं."

"का नको? डोळा गेला तर?" बोंबील शेजारणीच्या हवाली केले, तिला ओढत दवाखान्यात नेलं आणि जगदीशलाही बोलावून घेतलं. वाटभर शिव्या खाल्ल्या.

डॉक्टरांनी औषध घालून डोळा आतून तपासला. "डोळा चांगला आहे. लेझरनंतर काहींना असे ठिपके दिसतात. हळूहळू सवय होते. मात्र एकदम वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने काळोख आला, तर त्याच दिवशी या."

"म्हणजे माझी मासळी ताजी?"

"तुमच्या मासळीला काही झालेलं नाही हो," डॉक्टर हसले.

दुसऱ्या दिवसापासून तिची आरोळी सुरू. "माशा माझ्या डोळ्यात, पापलेट बघा कसं चकचकीत!" लोक हसत थांबायचे, थांबले की घ्यायचे. माझ्या बोंबलांकडे कुणी ढुंकून बघेना, मेली!

जगदीशने मात्र टोपलीचा निकाल अजून दिला नव्हता. शनिवारी तो आला, गिऱ्हाइकासारखा उभा राहिला. "एक सुरमई. तुकड्या करून दे."

पुतळाबाईने कोयता घेतला. त्याचं लक्ष सुरमईवर नव्हतंच, तिच्या बोटांवर होतं. मध्येच तिने मान झटकली, ठिपका आला असणार. हात काही चुकला नाही. शेपटीपर्यंत सगळ्या तुकड्या सारख्या.

जगदीशने पिशवी घेतली, पण पाय निघेना. "आई, उद्या सुट्टी आहे मला. टोपली उचलायला धक्क्यावर कितीला येऊ?"

तिने कोयता पुसून खाली ठेवला. मग म्हणाली, "उजाडायच्या आत ये. आणि तो बँकेचा शर्ट घालून येऊ नको."

मी तर रडलेच, खोटं कशाला बोलू.