दसऱ्याचा बार आणि माझे चिंचोके

माझे सासरे बडोद्याच्या पलटणीत होते. पेन्शनीत निघाल्यावरही दर दसऱ्याला ते पाणीगेटजवळच्या आमच्या गल्लीत आपली ठासणीची बंदूक पुजायचे आणि एक बार काढायचे. बार नुसता दारूचा, वरून कापडाचा बोळा. त्या वर्षी त्यांनी सकाळीच बंदूक ठासून माजघराच्या कोपऱ्यात उभी केली.

मी नवी सून. शेजारणीबरोबर चिंचोके खेळत बसले होते. सासूबाईंना तो खेळ मुळीच खपत नसे. त्यांची पावलं वाजली, लपवायला जागा सुचेना, म्हणून मूठभर चिंचोके मी बंदुकीच्या नळीत सोडले. मग पुरणाच्या रगाड्यात साफ विसरले.

दुपारी गल्ली जमली. समोरच्या ओट्यावर सातजण फाफडा-जिलबी खात होते. सासऱ्यांनी नळी आभाळाकडे न्यायची, तर खांदा आखडलेला; ती अर्ध्यावरच राहिली. धाडकन बार झाला आणि ओट्यावरचे सातही आडवे!

"मरी गयो रे!" समोरचा गुजराती वाणी सदऱ्यावरचा ओघळ दाखवत ओरडला. "लोही!"

कुणाच्या गालाला टेंगूळ, कुणाच्या पोटावर वळ. दोघं पाठमोरे होते, त्यांना भलत्याच ठिकाणी लागलं. मेलं कुणीच नव्हतं. पण तोवर कुणीतरी चौकीवर "गोळीबार! सात मुडदे!" सांगून आला होता. जमादार चार शिपाई आणि दोन खाटा घेऊन हजर.

खटला उभा राहिला. न्यायाधीश "बसा" म्हणाले, तरी दोन साक्षीदार उभेच.

"साहेब, अजून बसवत नाही."

डॉक्टरांनी साक्ष दिली की वाण्याच्या सदऱ्यावर रक्त नसून जिलबीचा पाक होता. त्याचं नाव जखमींतून खोडलं. तो रडकुंडीला आला. "साहेब, मारुं नाम तो रहेवा दो!"

सासरे म्हणाले, "दारू आणि बोळा, एवढंच भरलं. उभ्या चाकरीत माझा बार चुकला नाही."

जमादाराने ओट्यावरून वेचून आणलेल्या पुडीतला एक चिंचोका न्यायाधीशांनी निरखला. "हा तर घासलेला आहे. खेळातला. कुणाचा?"

सासऱ्यांची खाली गेलेली मान मला बघवेना. बायकांतून उठले. "माझा. सगळेच माझे."

"अगं बाई, चिंचोके!" सासूबाई किंचाळल्या. जणू गोळ्या चालल्या असत्या. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला.

सासऱ्यांना ताकीद मिळाली, बंदूक ठाण्यात जमा झाली. मी पदर पसरून सगळ्यांची माफी मागितली. कुणी विचारलं नव्हतं, तरी पहिली माफी वाण्यानेच दिली.

सासरे घराकडे निघाले. दाराशी म्हणाले, "सूनबाई, खरं बोललीस, बरं केलंस. पण चिंचोक्यांवर आणखी एक बोळा ठासायचा असतो. नाहीतर मारा पसरतो."

पुढल्या दसऱ्याला ते हळदकुंकू, झेंडू घेऊन ठाण्यातच पूजेला गेले. बार काढायला मनाई होती. म्हणून त्यांनी तोंडानेच "ठो!" केलं, आणि जमादार खुर्चीवरून पडला.