डॉक्टरांच्या टाकीतली कोळंबी

बुडबुड… बुडबुड… बुडबुड…

हा आवाज आजही कुठं कानावर पडला की माझा हात आपोआप गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं जातो. त्यात काय एवढं, म्हणाल. चहा घ्या, सांगतो. सावकाश सांगतो, मला भरभर बोलता येत नाही. तेव्हा येत असतं तर निम्मी फजिती वाचली असती!

गल्लीत पहिला टीव्ही आला त्या सुमाराची गोष्ट. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी झाडलोट करायचो, पेशंटना नंबरानं आत सोडायचो. डॉक्टरांना नाद माशांचा. खायचा नव्हे, पाळायचा. आणि तेही समुद्रातले! रत्नागिरीहून कॅन भरभरून खारं पाणी आणलं, बाकांसमोर काचेची मोठी टाकी मांडली, तळाला वाळू, चार दगड आणि हवेचा पंप. बुडबुड, बुडबुड.

त्याच संध्याकाळी लेकीच्या बाळंतपणासाठी ते पुण्याला निघाले. गडबडीत दवाखान्याची किल्ली पहिल्यांदाच माझ्या हातात दिली.

"दत्तोबा, टाकीकडं लक्ष ठेव. पंप बंद पडता कामा नये. सगळं तुझ्यावर."

सगळं माझ्यावर! रात्रभर किल्ली उशाशी घेऊन झोपलो.

सकाळी कुलूप काढून टाकीत बघतो, तर वाळूवर एक कोळंबी आडवी! काचेवर टिचकी मारली. हलेना. "ऊठ की बाई," म्हटलं. हलेना. अख्ख्या टाकीत जीव एकच, आणि तोही पहिल्याच दिवशी माझ्या हाताखाली गेला! आता किल्ली कसली राहते?

इथं एक सांगायचं राहिलं. मी माळकरी. बायको हौसा मूळची कोकणातली, कोळंबीवर वाढलेली. माझ्या माळेपायी तिनं मासळी सोडली, त्याला वीस वर्षं झाली होती. एका शब्दानं कुरकुरली नाही. मासळी बाजारावरून जाताना श्वास जरा लांब घ्यायची, एवढंच.

आणि असा हा माळकरी, मेलेली कोळंबी कागदात गुंडाळून त्याच बाजारात उभा!

"अशीच एक द्या. पण जिती पायजे."

मासे विकणारी मेहरूनबी पोट धरून हसली. "मामा, कोल्हापुरात जिती कोळंबी? बर्फात बसून येतीया ती! आन् एकच? घरात माणसं किती हायत?"

"घरासाठी न्हाय. दवाखान्यासाठी."

"आता पेशंटला कोळंबी देत्यात व्हय?"

त्यातल्या त्यात तरतरीत दिसणारी एक घेतली. दवाखान्यातल्या चिमट्यानं टाकीत सोडली आणि टाके घालायच्या दोऱ्यानं दगडाला अशी बांधली, की बुडबुडे लागले की ती डुलावी. डुलली की हो! डॉक्टर कधी येणार ते विचारायला आलेली एक म्हातारी म्हणाली, "बया, कशी नाचतीया बघा!"

पण दुसऱ्या दिवशी तिचा रंग उतरायचा. मग जुनी काढा, नवी आणा. रोज एक. मेहरूनबी मला बघून लांबूनच ओरडायची, "आलं बघा एका कोळंबीचं गिऱ्हाईक! मामा, माळ तरी सदऱ्याच्या आत घाला की!"

घरी हौसा विचारायची, "अवं, हाताला कसला वास येतोय?"

"औषधाचा."

माझा हात ती जरा जास्तच वेळ नाकाशी धरायची. "चांगलं औषध हाय," म्हणायची.

बाराव्या दिवशी डॉक्टर आले. चपला न काढता टाकीपाशी गेले, नाक लावलं.

"दत्तोबा, वास कसा येत नाही?"

"वास?" मी ताठ झालो. "माझ्या हाताखाली वास येईल व्हय साहेब?"

"अरे, कोळंबी एव्हाना सडायला पाहिजे होती!"

"सडंल कशी? जिती हाय की. डुलतीया बघा!"

डॉक्टरांनी चष्मा लावला. दोरा बघितला. गाठ बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"अरे शहाण्या, मेलेलीच टाकली होती मी, जाता जाता! तुला सांगायचं राहिलं. ती सडते, पाणी नासतं, मग त्या पाण्यात बारीक जंतू वाढतात आणि सगळी घाण खाऊन टाकतात. तेव्हा कुठं पाणी मासे सोडण्याजोगं होतं. तुझं पाणी अजून कोरंच! मुंबईला मासे सांगून ठेवलेत मी, ते आता महिनाभर पुढं. पण ही इतकी ताजी कशी?"

"रोज नवी आणली, साहेब."

"बाजारातनं? कोण आणायचं?"

"मीच."

"तू? बारा दिवस? रोज कोळंबी?" डॉक्टरांनी माझ्या माळेकडं बघितलं आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. बाकांवरचे पेशंट हसले. किल्ली काही परत मागितली नाही, म्हणून मीही हसलो.

एवढ्यात दाराकडं लक्ष गेलं. हौसा! हातात माझ्या जेवणाचा डबा. कधीची उभी होती, देव जाणे.

"हौसा, अगं, तसं न्हाय ते…"

तिनं डबा बाकावर ठेवला. माझा हात उचलून एकदा नाकाशी नेला, सोडून दिला. पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरली.

मी दारापर्यंत धावलो. आमचं घर उजवीकडं.

ती डावीकडं वळली. मासळी बाजाराच्या वाटेनं, भराभर.