चौकटीवर चिकटवलेला कागद

गुढियारीच्या शाळेत मी चौथी-पाचवीला इंग्रजी शिकवते. पुस्तकात प्रत्येक धड्याआधी रंगीत चौकटीत व्याकरणाचा नियम छापलेला असतो. पोट्टे तो घडाघडा म्हणतात, रिकाम्या जागा बिनचूक भरतात. पण काल काय खाल्लं, एवढं इंग्रजीत विचारलं की सगळे माना खाली घालतात. शेवटी मी चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या चौकटींवर कोरे कागद चिकटवले. म्हटलं, आधी बोला, चुकलं तरी चालेल, नियम मागून बघू.

आमचे मुख्याध्यापक माझ्यासारखेच विदर्भाकडचे. ते भडकले. "मॅडम, हे काय करून राहिल्या? नियमाशिवाय भाषा येते काय?"

"सर, आत्ता तुम्ही मले मराठीत रागावून राहिले, ते कोणता नियम पाठ करून?"

त्यांनी कागद काढायला फर्मावलं. मी त्यांच्यादेखत गोंदाची बाटली उघडली आणि पाचवीचं पुस्तक पुढे ओढलं.