साडूभाऊ घाट चढतात

आमच्या साडूभाऊंनी बोटांत धरून चोळली नाही आणि तिला दर्जा दिला नाही, अशी वस्तू सगळ्या पुसद तालुक्यात शोधून सापडायची नाही. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही चिमटींत धागा ताणायचा, डोळे मिटून ओलावा जोखायचा आणि म्हणायचं, 'सुपर', 'फेअर', नाहीतर सरळ 'कवडी'. वर्षानुवर्षं हेच केल्यावर हात काही केंद्राच्या फाटकाशी थांबत नाहीत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून तेच समोर बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही आणि मग सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "ओलावा जास्त हाय, पन माल फेअर हाय. घेऊन टाका." मला घाम कोणामुळे फुटला होता हे त्यांना कोण सांगणार? पुढे माझ्याच लग्नात त्यांनी बुंदी चोळून पाहिली आणि मान हलवली. पंगत उठेपर्यंत आचारी तंबूबाहेर आला नाही.

मग कापसाचे वाईट दिवस आले. अळीनं बोंडं आतून खाल्ली, भाव बसले, आणि केंद्राच्या ज्या आवारातून दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत जायची, तिथं शेळ्या चरायला लागल्या. साडूभाऊ रोज वेळेवर जायचे, रिकाम्या आवाराकडे बघत बसायचे आणि वेळेवर परत यायचे. बोटं मात्र स्वस्थ बसेनात. बसल्या बसल्या शर्टाच्या कॉलरचा धागा काढून ताणत राहायचे. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती कॉलरी शिवून शिवून मेटाकुटीला आली.

अशात एक दिवस ते पेपरचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले. हिमाचलात आठ दिवसांचं सायकल शिबिर होतं, रोज लांबच लांब चढ, शेवटी मोठी खिंड. मी शाळामास्तर, हसू दाबायची सवय आहे, पण ते काही दाबलं गेलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, पन्नाशी उलटली तुमची. कायले हा उद्योग?"

ते रागावले नाहीत. कात्रणाची घडी घालत म्हणाले, "मास्तर, पंचवीस वर्सं म्या लोकायचा माल खालीच आनला. सुपर म्हनून घेऊन येनाऱ्याले फेअर म्हनलं, फेअरवाल्याले कवडी. एक दिवस खोटं नाही बोललो, पन आनला खालीच. आता एखादी गोष्ट वर न्यायची हाय मले. दुसरं काही नाही सापडलं, तं म्हनलं सोताले नेऊन पाहू." माझं हसू तिथल्या तिथं विरलं, आणि मी गुपचूप चहा टाकायला सांगितला.

तयारी सुरू झाली आणि आमच्या गल्लीची करमणूकही. सायकल त्यांची तीच, काळी, बावीस इंची, घंटी सोडून सगळं वाजणारी. गिअरची सायकल घ्या असं कोणी सुचवलं की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "गिअर हे काय, इथं असते." पत्रकात लिहिलं होतं की डोंगरात थंडी असते, अंगाला सवय करावी. आता मे महिन्यात पुसदला थंडी कुठून आणणार? साडूभाऊ रोज दुपारी तासभर कूलरच्या टाकीत पाय सोडून बसायचे. पायांना करडईचं तेल चोळलेलं असायचं, त्यामुळं घरभर गार हवा खेळायची आणि तिला फोडणीचा वास यायचा. आणि सरावाला काय, तर कॅरिअरवर सरकीचं पोतं. आधी अर्धं, मग पाऊण, मग काठोकाठ भरलेलं. ते दोरीनं आवळून रोज पहाटे घाटाकडे निघायचे. पुसद डोंगरांच्या कुशीत आहे, घाटाला तोटा नाही. वाटेत भेटणारे विचारायचे, "साहेब, सरकी कोठी घेऊन चालले?" हे सांगायचे, "वर नेऊन राह्यलो अन् खाली आनून राह्यलो." गावात दोन मतं झाली. एक, ग्रेडर साहेबांनी गुपचूप म्हैस घेतली आहे आणि ही सरकी तिच्याच चाऱ्याची. दुसरं मत मी इथं लिहीत नाही.

सगळं जमत आलं आणि फॉर्मवर अडलं. फॉर्मच्या शेवटी घरातल्या जबाबदार माणसाची संमतीची सही लागत होती. घरात जबाबदार माणूस एकच, अक्का, आणि ती म्हणाली, सही करत नाही. गेल्या पोळ्याला साडूभाऊ जिन्यात चक्कर येऊन बसले होते, ते ती विसरली नव्हती. डॉक्टरनं तपासून हरकत नाही म्हणून लिहून दिलं, तरी तिचा धीर होईना. साडूभाऊ दोन दिवस घुम्यासारखे बसले. कॉलरलाही हात लावला नाही. ते पाहून अक्काच घाबरली आणि तिनं तोड काढली. "मोठ्या घाटाचा चढ माह्या डोळ्यांसमोर एका दमात चढून दाखवा. पाय एकदा बी टेकला का शिबिर खतम. अन् ते पोतं काढून ठेवा, उगा जिवाले घोर नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे आमची वरात निघाली. पुढं साडूभाऊ, मागं माझ्या लुनावर मी आणि पंच म्हणून अक्का, मांडीवर पर्स, पर्समध्ये फॉर्म. इथंच चूक झाली. दोन महिने पोत्यासकट चढायची सवय लागलेला माणूस रिकाम्या सायकलवर बसला, तो सुटलेल्या वासरासारखा निघाला. पहिल्या दोन वळणांत आम्हालाही ऐकेना. तिसऱ्या वळणाला दम संपला. सायकल नागमोडी जायला लागली, मान खाली गेली, पाठीवर शर्ट चिकटला. अक्कानं माझा खांदा इतका गच्च धरला की दोन दिवस दुखत होता. तिला ते हरावेत असं वाटत होतं की जिंकावेत असं, ते तिच्या तोंडावरून मला अजून कळलेलं नाही.

नेमकी तेव्हा माझ्या लुनानं मान टाकली. दोघांचं वजन घेऊन घाट चढायची तिची ऐपत नव्हतीच. पायडल मारून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या, ती ढिम्म. मागं आवाज बंद झालेला ऐकून साडूभाऊंनी वळून पाहिलं. पंच मागं राहिला तर पुढचा चढ कोण बघणार, आणि न बघितलेल्या चढावर सही कोण करणार? पाय तर टेकायचा नाही. वळणावर थोडी सपाटी होती, तिथं ते गोल गोल फेऱ्या मारायला लागले आणि फिरता फिरता म्हणाले, "ये, बस मागं."

"डोस्कं फिरलं का तुमचं?" अक्का म्हणाली.

"बस म्हनलं ना. लग्नानंतर आर्नीच्या बाजाराले जाताना कशी बसत जाय?"

आमच्याकडच्या बायकांची ती एक कलाच होती. चालत्या सायकलबरोबर चार पावलं पळायचं, एका हातानं सीट धरायची, दुसऱ्यानं पदर, आणि एका बाजूनं अलगद कॅरिअरवर बसायचं. अक्कानं ते वीस वर्षांत केलं नव्हतं. तिनं पर्स माझ्याकडे फेकली, पदर खोचला, धावली आणि बसली. सायकल जरा डुलली आणि एकदम स्थिर झाली. मागं सवयीचं वजन आलं आणि साडूभाऊंना त्यांची चाल सापडली. घाई नाही, धाप नाही. एक पायडल, मग दुसरं, रोजच्यासारखं. दूधवाले थांबले, एका ट्रकवाल्यानं हॉर्न न वाजवता गाडी कडेला घेतली, आणि हे नवरा-बायको भर घाटात डबलसीट वर वर गेले. मी रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली नाही.

लुना ढकलत मी माथ्यावर पोचलो तेव्हा दोघं दगडावर बसले होते. मी विचारलं, "टेकला का पाय?"

अक्कानं पर्स घेतली, फॉर्म काढला, साडूभाऊंच्या ओल्या पाठीवर ठेवून सही केली आणि मग म्हणाली, "नाही टेकला." ते वाकलेलेच होते. तसेच म्हणाले, "पोत्यापेक्षा हलकी हायस तू." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिची केलेली ही पहिली स्तुती.

शिबिर त्यांनी पुरं केलं. खिंड पाय न टेकता चढणारे तिघंच निघाले, आणि उरलेल्या दोघांची वयं मिळवली तरी साडूभाऊंच्या वयाला पुरली नसती. पुसदच्या स्टँडवर केंद्रावरचे सगळे हमाल हार घेऊन आले होते. त्या दोन-तीन वर्षांत त्या माणसांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. एकानं विचारलं, "साहेब, खिंड कोन्त्या ग्रेडची?" साडूभाऊंनी हारातली पाकळी चोळली, शिळी आहे म्हणाले, आणि मग छाती काढून सांगितलं, "सुपर." पोरासोरांनी त्यांना सायकलसकट उचललं.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आम्ही दोघं ओसरीवर बसलो. मी विचारलं, "खरं सांगा, चढ जड गेला का?"

त्यांनी कॉलरचा एक धागा काढून ताणला. म्हणाले, "चढ काही नाही, मास्तर. पन वर गेलो, वळून पाह्यलं, तं मांगं कोनी नव्हतं. एवढं वर येऊन दाखवावं कोनाले? लवकर उतरून आलो."

माझ्या पोटात काही राहत नाही. मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि अक्काला सगळं शब्दन् शब्द सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

"असं म्हनले?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं पदरानं तोंड पुसलं, पोळी उलटली आणि म्हणाली, "मंग मले सांगाले काय झालतं त्याहिले?"