आबदारांची काळी

बाटली उजेडासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्याला विचारायचं, "दिसतं का काय पलीकडचं?" आपण "नाही" म्हटलं की गृहस्थ खूश. "मग बराबर हाय. जिच्यातनं पलीकडचं दिसतं ती बियर पोरासोरांनी प्यावी."

नगरजवळ भिंगारला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे हे गृहस्थ छावणीतल्या ऑफिसर मेसमध्ये आबदार होते. आबदार म्हणजे साहेबलोकांच्या दारूचं कपाट सांभाळणारा माणूस. गोऱ्या साहेबांच्या काळात लागले, देशी साहेबांच्या काळात निवृत्त झाले. नाव होतं चांगलं, पण गल्ली त्यांना आबदारच म्हणायची. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल; नोकरी सुटते, हुद्दा चिकटून राहतो. आबदार जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी आमच्याकडे त्या घराला अजून आबदारांचं घरच म्हणतात.

त्यांचा जीव जडला होता तो स्टाउटवर, म्हणजे काळ्या बियरवर. ते तिला नुसतं 'काळी' म्हणत. जहाजातून येणारी विलायती काळी त्यांच्या मते पहिल्या नंबरची, सिमल्याकडची दुसऱ्या नंबरची. "आन तिसरी?" असं आपण विचारायचं असे. मग ते छातीवर बोट ठेवत. "ह्या गरिबाची."

ही गरिबाची काळी परसातल्या चुलीवर तयार होई. सातू भिजवून, मटकीला आणतात तसे मोड आणायचे, ते वाळवायचे, त्यातले थोडे तव्यावर काळेकुट्ट भाजायचे. विलायतेत कडूपणासाठी कसलीशी फुलं घालतात म्हणे. आबदार काडेचिराईत घालत. साखरेच्या जागी काकवी. खमिराला ते विरजणच म्हणत, आणि ते एका बरणीत जपून ठेवत. दिवेलागणीनंतर त्या बरणीला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, खुद्द त्यांनाही नाही.

दारूबंदीचे दिवस होते. सातू भाजल्याचा वास गल्लीभर पसरला की आबदार दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "कापी करतोय, मद्राशी कापी." त्यांच्या घरी कॉफीचा कप मात्र कोणी कधी पाहिला नाही. हवालदारसुद्धा "काय आबदार, कापी झाली का?" असं विचारून, मिशीत हसून पुढे जाई.

मी एस.टी.त कारकून. त्यांच्या आग्रहाखातर एकदा घोट घेतला आणि सर्दीचा काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. "दुसरा घ्या, क्लार्कसाहेब. पैल्या घोटाला जीभ लाजती." दुसऱ्या घोटाला खरंच काहीतरी भाजलेलं, गोडसर, मागून कडवट असं लागलं. आवडली असं म्हणणार नाही. पण तिसरा घोट मी मागून घेतला.

त्यांची बायको, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, त्या काळ्या पाण्याला शिवत नसत. ती भांडी घरात घ्यायची नाहीत, नवऱ्याने प्यायल्यावर चूळ भरल्याशिवाय देवापाशी जायचं नाही. "आवं, काय त्या डबक्यात जीव गुतलाय तुमचा!" असं दिवसातून एकदा म्हटल्याशिवाय त्यांना करमत नसे.

एकुलता एक मुलगा फौजेत होता. त्याला मात्र बापाची काळी प्राणापलीकडे आवडे. एकाहत्तरच्या पावसाळ्यात तो रजेवर आला तेव्हा आबदार मनगट मोडून, हात गळ्यात अडकवून बसले होते. मग त्या खेपेची काळी पोराने केली. सातू त्यानेच भाजले, काकवी त्यानेच ढवळली, बुचांना तारा त्यानेच आवळल्या. बाप ओट्यावर बसून ओरडत होता, "आरं, हालव की! तवा हाय का बंदूक?" पोरगा हसत होता. बाटल्या बापाच्या खाटेखाली रांगेत लागल्या. "तू आलास की फोडू," आबदार म्हणाले. तो गेला. डिसेंबरात लढाई झाली, आणि तो सरहद्दीवर 'मिसिंग' असल्याची खबर आली.

रडारड सुरू झाली तशी आबदारांनी सगळ्यांना गप्प केलं. "मिसिंग म्हंजी मेला न्हवं. तुमाला इंग्रजी कळत न्हाई. मेसमधी चमचे मिसिंग व्हायचे. साहेब बोंबलायचे. मागनं बागेत गावायचे." हे त्यांनी मला सांगितलं, वाण्याला सांगितलं, मावशींना तर रोज सांगितलं. चमचा आणि माणूस यांत फरक असतो हे सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढचा उन्हाळा जीवघेणा होता. खाटेखालच्या बाटल्या उकाड्याने फुटू लागल्या. भर दुपारी धाडकन आवाज व्हायचा आणि मावशी आधी दाराकडे धावायच्या. दारात कोणी नसायचं. मग मागून काचा गोळा केल्याचा आवाज यायचा. बाटल्या उघडून टाका, असं मी एकदा सुचवलं. आबदार म्हणाले, "आन त्यो आल्यावर काय देऊ त्याला? पानी?"

तोवर दुष्काळ पडला होता. लोक दुष्काळी कामावर खडी फोडून मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खात होते. आबदारांनी चूल मोडली. "मान्सं उपाशी आन म्या धान्य आंबवू व्हय?" विरजण बरणीत मेलं. दुसरा उन्हाळा आला तोवर पोराच्या हातची एकच बाटली उरली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून ते तिला जवळ घेऊन निजत.

मग फौजेकडून कळलं, की मुलगा मृत समजण्यात आला आहे. मावशींनी क्रियाकर्माचा हट्ट धरला. "माझं लेकरू अधांतरी लटाकलंय. त्याला मोकळं करा." आबदार कितीतरी दिवस ऐकेनात. एके सकाळी अचानक तयार झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चला पुनतांब्याला. जित्या मान्साच्या पिंडाला कावळा शिवत न्हाई. एकदा हिला सोताच्या डोळ्यांनी बघू दे."

पॅसेंजरने गेलो. गोदावरीत पाणी नावालाच होतं. गुरुजींनी दर्भाचा पुतळा करून विधी उरकला, भाताचा पिंड दगडावर ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे भरपूर होते. दुष्काळातले कावळे, एरवी हातातली भाकरी ओढून नेतील. पण ते पिंडाभोवती उड्या मारत, मान वाकडी करून बघत आणि परत झाडावर जाऊन बसत. आबदारांच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी कळा आली. मला कोपराने ढोसून ते पुटपुटले, "बघा. शिवतोय का?"

ऊन चढलं. मुलाच्या आवडीचं काही ठेवा, असं गुरुजी म्हणाले. मावशींनी गुळपोळी ठेवली. कावळा आला नाही. कावळा शिवल्याशिवाय पाणी घेणार नाही, असं त्या सकाळीच बोलून बसल्या होत्या. त्यांचं लक्ष नवऱ्याच्या पिशवीकडे गेलं. घरी ठेवली तर फुटेल म्हणून आबदारांनी ती बाटली सोबत आणली होती.

"आवं, ती ठिवा की त्याची."

"न्हाई." आबदारांनी पिशवी पोटाशी धरली. काळी ओतली तर कावळा येईल, याची त्यांना खात्री होती. म्हणूनच ते ओतत नव्हते.

मावशींचे ओठ पांढरे पडले होते. बसल्या बसल्या त्या पायरीवर कलंडल्या. मी तांब्या पुढे केला, तो त्यांनी लोटून दिला. "मोकळं करा वो त्याला," एवढंच म्हणाल्या.

आबदार त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाटली काढली आणि पोराने आवळलेली तार सोडायला लागले. मला त्यांनी हात लावू दिला नाही. बूच उडालं, तपकिरी फेस मनगटावरून वाहिला. सगळी बाटली त्यांनी पिंडावर ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत झटकली आणि मागे आले.

एक कावळा उतरला. त्याने काळ्या झालेल्या भाताचं शीत उचललं. मागून दुसरा आला.

आबदारांनी तांब्या बायकोच्या तोंडाला लावला. "पी गं. गेला त्यो."

परतीच्या गाडीत मी त्यांच्यासमोर बसलो होतो. राहुरी मागे पडली. मग मावशींनी विचारलं, "कशी झाली हुती?"

"काय?"

"त्यानं केल्याली."

"ठावं न्हाई. म्या चाखली न्हाई."

"मला घोटभर ठिवायची हुती," मावशी म्हणाल्या.

आबदारांनी पिशवीतून रिकामी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. मावशींनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ तशाच राहिल्या. मग बाटली मांडीत घेऊन तिच्या तोंडावर तळवा दाबून धरला. नगर येईपर्यंत तो त्यांनी काढला नाही.